टाटा २०७ डीआय, दोन पावसाळे आणि हौद्याची आठ भोकं

१९ जुलै २०२४, शुक्रवार. म्हापशाच्या बाजारात पोचलो, माझ्या जुन्या टाटा २०७ पिकअपचा मागचा फाळका उघडला आणि हौद्यातलं पाणी थेट माझ्या पायांवर आलं. तीन-चार बादल्या तरी असेल. तळाचे साळदाटी केळीचे घड रात्रभर त्या पाण्यात बसून काळे पडले होते. पाण्याबरोबर तळहाताएवढा गंजाचा पापुद्रा वाहत आला. तो उचलून मी घरी आणला, अजून कपाटात जपून ठेवलाय.

गाडी घेऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत इंजिन, ब्रेक, लाइट सगळं मन लावून करून घेतलं होतं. हौद्यात पडलेलं पाणी बाहेर कुठून जातं, एवढंच एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणून बाकीचं भराभर सांगतो आणि पाण्याबद्दल सविस्तर लिहितो. जुनी पिकअप घेताना इंजिन कसं बघायचं ते कोणीही सांगतं. पाणी कुठून जातं ते बघ, असं मला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी २००६ ची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ८५,००० रुपयांना घेतली. नवीन पिकअप आठ-दहा लाखांच्या घरात जाते. सावईतल्या आमच्या कुळागरातली केळी, नारळ आणि सुपारी आठवड्यातून दोनदा बाजारात न्यायला तेवढं कर्ज काढणं मला पटत नव्हतं, आजही पटत नाही. आधीचा मालक मालीमच्या जेटीवरून नुस्तें, म्हणजे मासे, वाहायचा. गाडीला वास होता, तो जाईल असं वाटलं. वासाबरोबर मीठही आलंय हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

इंजिनाने मला कधी अडवलं नाही. ९७ मिलिमीटर बोअर, १०० मिलिमीटर स्ट्रोक, चार सिलिंडर, २९५६ सीसी. टनभर माल म्हणजे त्याला रोजचं काम. सकाळी सुरू करताना पांढरा धूर यायचा आणि पाच मिनिटांनी जायचा. धूर निळा असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात समजून सौदा तिथेच मोडला असता. पांढरा धूर म्हणजे डिझेल अर्धवट जळून बाहेर पडतंय. डिझेलचा पंप कॅलिब्रेट करून घेतला, नोझल बदलले, ११,४०० रुपये गेले आणि धूर थांबला. आता थंडीतही अर्ध्या सेल्फमध्ये घेते. भरलेली असताना लिटरला साडेदहा, रिकामी बारा.

ब्रेकवर ९,२०० गेले. मागचे व्हील सिलिंडर गळत होते. ते, लायनर आणि मास्टर सिलिंडरचं किट असं सगळं एकदम केलं. इथे मी एक रुपयाचीही घासाघीस केली नाही. स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकल पिना आणि बुश ४,६००. मागच्या स्प्रिंगचा एक पाटा काढून टाक, गाडी मऊ चालेल, असा सल्ला दोघांनी दिला. ऐकला नाही. रिकाम्या गाडीत माझी पाठ दुखते हे खरं, पण नारळ भरल्यावर तोच पाटा लागतो.

सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त सुख दिलं ते हेडलाइटच्या रिलेने, म्हणजे दिव्याला थेट बॅटरीतून करंट देणाऱ्या छोट्या स्विचने. बल्बपाशी मीटर लावला तर १०.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरीपासून जुन्या वायरीतून, डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरत येताना बाकीचं वाटेतच गळत होतं. व्होल्टेज थोडं जरी पडलं तरी हॅलोजनचा उजेड खूप पडतो. दोन रिले, फ्यूज आणि जाड वायर, सगळं मिळून १,१५०. बल्ब तेच जुने, ६०/५५ वॅटचे. आता इंजिन चालू असताना तिथे १३.४ मिळतात. पावसात पहाटे पाच वाजता बाणस्तारीकडे जाताना रस्त्याची कडा दिसते. पूर्वी मी ती अंदाजाने धरायचो. एलईडीचे पांढरे दिवे लावून समोरच्याला आंधळं करण्यापेक्षा हे करा.

आता कोटिंगबद्दल. मार्च २०२४ मध्ये मी गाडीला खालून रबराचं अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं. ९,००० रुपये. काळं, जाड, एकसारखं, बघून समाधान वाटलं. पुढचे तीन महिने मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होतो की गोव्यात गाडी ठेवायची तर कोटिंग हवंच. ते शब्द मी मागे घेतो. निदान जुन्या, आधीच गंजलेल्या गाडीसाठी तरी.

म्हापशाहून परत आल्यावर गाडीखाली शिरलो. कोटिंग एका जागी पापडासारखं फुगलं होतं. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आतून तांबडं पाणी धारेने आलं. बाहेरचं पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेल्या थराने आतलं पाणी कोंडून ठेवलं होतं. पत्र्यावर मीठ आणि गंज तसाच असताना वरून रबर मारलं की ओल आत राहते आणि गंज वाढतच जातो, बाहेरून मात्र सगळं काळंभोर छान दिसतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे मे महिन्याच्या उन्हातही तो पत्रा कधी पूर्ण सुकला नसणार.

दुकानात गेलो. वॉरंटी कोटिंग निघण्यावर आहे, गंजावर नाही, असं म्हणाले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा, तुम्ही गाडी पाण्यातून चालवली असेल, असं म्हणाले. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, गाडी पाण्यातून नाही तर कशातून चालवायची? तिसऱ्यांदा मी सोलून काढलेला तुकडाच घेऊन गेलो. त्याच्या आतल्या बाजूला माती आणि ग्रीस जसंच्या तसं चिकटलेलं होतं, म्हणजे धुतल्याशिवायच फवारलं होतं. २,५०० परत मिळाले. मला ९,००० हवे होते, आणि तो राग अजून गेलेला नाही.

हौदा उघडायचं काम बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका मेस्ताकडे, म्हणजे कारागिराकडे, दिलं. साठीचा माणूस, वेल्डिंगमध्ये हात बसलेला. त्याने ग्राइंडरने एक कोपरा कापला आणि मला बोलावलं. "पात्रांव, हें पळय." (मालक, हे बघा.) तळाला दोन पत्रे होते. माशाचं पाणी रस्त्यावर सांडू नये म्हणून आधीच्या मालकाने मूळ तळावर दुसरा जाड पत्रा वेल्ड करून घेतला होता आणि त्याखाली मूळ भोकं झाकली गेली होती. दोन पत्र्यांच्या मध्ये चिखल, मीठ आणि चक्क माशांचे खवले होते. खालच्या पाच आडव्या पट्ट्यांपैकी दोन हाताने दाबल्या तर चुरल्या.

माझ्या मनात फक्त ठिगळं मारून घ्यायची होती. मेस्त म्हणाला, "मी ठिगळ मारून देतो, पण पुढच्या पावसाला तुम्ही परत याल. पाणी जायची वाट आधी ठरवा, पत्रा मग." त्या वाक्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. नवा तळ आणि दोन पट्ट्या मिळून २६,५०० झाले, पूर्ण गाडीवरचा सगळ्यात मोठा खर्च. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या होत्या, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड उडायची भीती असते. बरेच गॅरेजवाले याकडे लक्ष देत नाहीत, आपणच उभं राहून सांगावं.

पत्रा बसवायच्या आधी चॅसी गोड्या पाण्याने धुतली. एकदा नाही, चार दिवसांत चार वेळा, घरच्या विहिरीच्या पंपाने. मीठ राहिलं तर वरून काहीही मारा, उपयोग नाही. मग वायर ब्रश, त्यावर गंज थांबवणारं फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, मग झिंकचा प्रायमर आणि शेवटी चॅसी ब्लॅक. नुसता रेड ऑक्साइड मारून सोडू नका, तो एकटा पाणी अडवत नाही. पोकळ पट्ट्यांच्या आत पातळ मेण सोडलं, जे वेल्डच्या फटीत शिरतं. कन्व्हर्टर, प्रायमर, मेण मिळून ३,१०० रुपये, मेहनत माझी आणि भाच्याची. जुनं काळं ऑइल मारायची पद्धत आपल्याकडे आहे, मी ते केलं नाही. रबराचे बुश त्याने फुगतात आणि पहिल्या पावसात ते सगळं आपल्याच विहिरीकडे जातं.

आणि आता ती आठ भोकं. नुसतं भोक पाडलं तर पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला चिकटून सरकतं आणि थेंब थेंब चॅसीवरच पडतं. म्हणून प्रत्येक भोकात २० मिलिमीटरच्या नळीचा तुकडा वेल्ड केला, खाली इंचभर लोंबता, की पाणी सरळ जमिनीवर पडेल. एकही नळी चॅसीच्या किंवा सायलेन्सरच्या वर येऊ दिली नाही. चार कोपऱ्यांत चार, दोन चाकांमागे दोन आणि फाळक्यालगत दोन. पोकळ पट्ट्यांनाही तळाशी लहान भोकं ठेवली, कारण आत पाणी शिरणार नाही असं धरून चालणं हीच आधीची चूक होती. आमच्या अंगणाला उतार आहे. गाडी आता तोंड वर करून लावतो, म्हणजे सगळं पाणी फाळक्याकडे येतं.

हे कळल्यावर गाडीकडे बघायची दृष्टीच बदलली. वायपरखालच्या जाळीत फणसाची पानं कुजत होती आणि तिथलं पाणी काचेच्या रबराखालून केबिनमध्ये येत होतं. पायाखालची रबरी मॅट उचलली तर खाली तळं. दरवाज्यांच्या तळाच्या फटी मातीने बुजलेल्या होत्या, दार हलवलं की आत पाणी डुचमळायचं. या तिन्ही गोष्टींना एक पैसाही लागला नाही, सायकलची जुनी तार आणि एक रविवार पुरला.

रंग पांढराच ठेवला, १२,००० मध्ये. हिरवा करायचं फार मनात होतं, पण मग आरसीवर नोंद करावी लागते. गाडी उंच करणं, हौदा वाढवणं असल्या बदलांच्या वाटेला गेलोच नाही. कंपनीच्या मूळ मापांपासून आरसीत फरक पडेल असे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय आणि पिवळ्या पाटीच्या जुन्या गाडीला दर वर्षी पासिंगला उभं राहायचं असतं. मी बदललं ते एवढंच : रिले, सीटचं रेग्झिन (२,८००), ताडपत्रीच्या कमानी आणि नळ्या.

दुसरा पावसाळा, म्हणजे २०२५ चा, ही खरी परीक्षा होती. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला होती. दोन दिवस आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या सजावटीचं, सामान घेऊन फोंड्याला निघालो. सुपारीचे घड, नारळाची पेंड, तोरिंग, कांगलां, घागऱ्यो, सगळं नाजूक आणि सगळं त्याच दिवशी विकलं जाणारं. आदल्या रात्रभर पाऊस कोसळत होता आणि वारा ताडपत्रीचा एक कोपरा उडवून गेला होता. सकाळी टॉर्च घेऊन मागे गेलो. तळाचा पत्रा ओला होता, पण पाणी कुठेही साचलेलं नव्हतं. आठही नळ्यांखाली मातीत आठ खळगे पडले होते. मी आईला बोलावून ते दाखवले. बाजारात एकही घड परत आणावा लागला नाही.

तक्रारी आहेत. स्टिअरिंग जड आहे, बाजारात गाडी वळवताना खांदे भरून येतात. मेस्ताच्या मते किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन, झिजून तिला घर पडलंय, ते काम या डिसेंबरात करणार. उन्हाळ्यात केबिन तापते ती तापतेच. एकूण खर्च, गाडीची किंमत सोडून, ८०,००० च्या आत राहिला. त्यातले कोटिंगचे पैसे सोडले तर एकाही रुपयाची हळहळ नाही. पुन्हा घेईन का? घेईन, पण आधी हौद्यात दोन बादल्या पाणी ओतून ते कुठून बाहेर येतं ते बघेन आणि मालक ओतू देत नसेल तर परत फिरेन.

गेल्या रविवारी नळ्यांत तार घालून पाहिली. सात मोकळ्या होत्या. डावीकडच्या मागच्या नळीत सुपारीचं साल अडकलं होतं, ते काढलं. आता तिथे जाळी बसवायची की जाळीतच कचरा अडकून पुन्हा तेच होईल, हे मेस्ताला विचारायचं आहे.