लातूरला औसा रोडवरच्या एजन्सीतून गाडीचा इन्शुरन्स घेतला, कव्हर किती घ्यायचं ते पण सांगतो

दिवाळीनंतर पॉलिसी संपायली होती म्हणून औसा रोडवरच्या एका एजन्सीत गेलो, नाव टाकत नाही कारण खाली थोडं वाईटपण लिहिलंय. गाडी 2021 ची पेट्रोल स्विफ्ट, चार वर्ष होऊन गेले. पाचपैकी चार स्टार.

चांगलं आधी सांगतो. तिथला पोरगा थर्ड पार्टीवर (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा भाग) उगं वेळ घालवत नाही, सरळ म्हणला दादा हे सगळीकडं सारखंच, अन् खरंय ते, हा दर सरकार ठरवतंय, 1000 ते 1500 सीसीला 2022 पासून 3,416 रुपये अधिक जीएसटी, त्यामुळं कुणी "आमच्याकडं थर्ड पार्टी स्वस्त" म्हणायलं की तिथून उठायचं. त्यात समोरच्याच्या जिवाला काही झालं तर भरपाईला वरची मर्यादा नाही, त्याच्या गाडीचं-दुकानाचं नुकसान 7.5 लाखापर्यंत. ही 7.5 लाखाची मर्यादा 6,000 वर आणून किरकोळ सूट घेता येते, पण त्या भानगडीत पडू नका, आजकालच्या मोठ्या गाडीचा एक हेडलाईट तेवढ्यात येत नाही.

खरी गंमत ओन डॅमेजमधे, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागात आहे. पहिलं कोटेशन बघून मी खूश, गेल्या वर्षीपेक्षा कमी! मग आयडीव्ही (म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची आजची किंमत) बघितला तर 2 लाख 90 हजार. चार वर्ष पूर्ण झाले की घसारा 50 टक्के, शोरूमची किंमत 7 लाख धरली तरी साडेतीन लाख बसायला पाहिजे की हो. प्रीमियममधे वाचायले काहीशे रुपये अन् उद्या गाडी चोरीला गेली नाहीतर टोटल लॉस झाली (दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यावर गेली की टोटल लॉस धरतेत) तर 60 हजाराचा चुना. इचारलं तर म्हणे गिऱ्हाईक शेवटचा आकडाच बघतंय. एक स्टार तिथं कापला. वाढवायला सांगितल्यावर कुरकूर न करता लगेच वाढवून दिला, हे पण खरं.

झिरो डेप घेतलं, म्हणजे पार्ट बदलताना घसाऱ्याचे पैसे न कापणारं जादा कव्हर. आता सीझन सुरू झालाय, रात्री ऊसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, त्यात मधीच रानडुक्कर आडवं, म्हणजे बंपर जाणार हे धरूनच चालायचं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी असल्या पार्टचे निम्मे पैसे आपल्याच खिशातून जातेत, काचेचं तेवढं काही कापत नाहीत. अन् पाच वर्षाच्या वर गाडी गेली की बऱ्याच कंपन्या झिरो डेप द्यायला मागंपुढं बघतेत, तर जोपर्यंत मिळायलंय तोपर्यंत घ्या. क्लेमला 1,000 रुपये मात्र आपल्याला भरावेच लागतेत, ते झिरो डेपमधेपण सुटत नाहीत.

इंजिन प्रोटेक्टवरून (पाणी शिरून इंजिन गेलं तर त्याचं जादा कव्हर) घरात वाद झाला. बाबा म्हणले आपल्याकडं कसला पूर, 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलंय. बरोबर आहे, पण 2025 च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडकडं काय झालं ते बघितलंच सगळ्यांनी. आमच्या दाजीची गाडी परांड्याकडं पाण्यात उभी होती, पाणी उतरल्यावर त्यांनी स्टार्टर मारला अन् इंजिनात पाणी ओढून गेलं. सीट, वायरिंगचा क्लेम मिळाला, इंजिनाचा नाही, कारण साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान बसतंय पण पाण्यात चालू करून इंजिन गेलं की कंपनी हात वर करते. हे ऐकून बाबाच म्हणले टाक बाबा. गारपिटीसाठी वेगळं काही घ्यायला लागत नाही, पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टी अन् ओन डॅमेज एकत्र असलेल्या) ती आहेच.

नको ते पण सांगतो. व्हॉलंटरी डिडक्टिबल नको म्हणलं, 5,000-7,500 आपण भरायचे कबूल करून सूट घ्यायची तर मग छोट्या क्लेमला पॉलिसीचा उपयोगच काय. मालकाचं 15 लाखाचं अपघात कव्हर परत टाकलं होतं ते काढायला लावलं, माझं आधीच दुसरीकडं आहे. ज्याचं नाही त्यानं घ्याच, तिथं काटकसर करू नका. एनसीबी (आधीच्या वर्षात क्लेम न केल्याची सूट) 45 टक्के बरोबर लावला होता, त्यात खोट नाही.

दुपारी जेवणाच्या टायमाला गेलात तर कुणी भेटत नाही. जाताना आरसी अन् जुनी पॉलिसी घेऊन जा, पॉलिसी आधीच संपली असेल तर गाडीपण न्या, फोटो काढून इन्स्पेक्शन करतेत, आणि संपून 90 दिवस उलटले तर एनसीबी गेला समजा, मग तिथं कितीबी भांडलात तरी मिळत नाही.