स्ट्रुवाइट खत वापरलं, माल चांगलाय पण डीएपी समजून टाकू नका

स्ट्रुवाइट म्हणजे सांडपाण्यातून काढलेलं स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत, आणि त्याचं नाव काढलं की सगळे आधी हेच विचारतात, वास येतो का. नाही येत. पांढरट कडक दाणे आहेत, जाड्या मिठासारखे, बोटाने दाबून फुटत नाहीत. आणि नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगतो, फॉस्फरस मुळात सापडलाच लघवीत, 1669 मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने लघवी आटवून काढला होता, तो बिचारा सोनं शोधत होता.

शुद्धीकरण केंद्रात हे स्ट्रुवाइट आपोआप पाईपमध्ये साचून पाईप चोंदायचे, आता तेच मॅग्नेशियम घालून, सामू (pH) वाढवून मुद्दाम तयार करतात. शुद्ध मालात नत्र साडेपाच टक्क्यांच्या आसपास, स्फुरद 28-29 टक्के आणि मॅग्नेशियम जवळपास 10 टक्के. पालाश नाहीच, ते वेगळं द्यावं लागतं.

आता खरी गोष्ट. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, नेहमीचं स्फुरदाचं खत) पाण्यात लगेच विरघळतं, हे जवळजवळ विरघळतच नाही, मुळ्या जे आम्ल सोडतात त्यात हळूहळू विरघळतं. म्हणून पावसाने वाहून जायची भीती कमी, पण कोवळ्या रोपाला सुरुवातीला जे स्फुरद पटकन लागतं ते यातून वेळेवर मिळत नाही. मी मक्याच्या काही ओळींना फक्त हेच दिलं तर रोपं लहान असताना पानांच्या कडा जांभळ्या पडल्या, शेजारच्या ओळीत पेरताना थोडं डीएपी सोबत दिलं होतं तिथे पानं हिरवीगार. पुढे जांभळ्या ओळी सावरल्या, पण मागेच राहिल्या. त्यामुळे दोन्ही मिसळून द्या, आणि वरून फेकू नका, स्फुरद मातीत फारसं सरकत नाही, सरीत मुळीजवळच पडायला हवं. दाणा जितका जाड तितकं काम उशिरा, हेही लक्षात ठेवा.

जमीन आम्लधर्मी असेल तर बिनधास्त घ्या. चुनखडीची, सामू आठच्या आसपासची असेल तर फार आशा ठेवू नका, तिथे हे आणखीनच सावकाश विरघळतं.

माझा राग आहे तो पोत्यावरच्या लेबलवर. एकूण स्फुरद इतकं टक्के, बस्स. पाण्यात किती विरघळतं, सायट्रेटमध्ये (हळूहळू मिळणारं स्फुरद मोजायच्या द्रावणात) किती, काही लिहिलेलं नाही, आणि या खताच्या बाबतीत नेमकं तेच बघायचं असतं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे सगळं सारखंच असतं हो. सारखं कसं असेल? सांडपाण्याचा गाळ जाळून उरलेली राखही याच "रिसायकल्ड फॉस्फरस" नावाखाली विकतात, आणि प्रक्रिया न केलेल्या राखेत स्फुरद अडकून बसलेलं असतं, वर जड धातूंची भानगड. स्ट्रुवाइटमध्ये कॅडमियम हा विषारी जड धातू फॉस्फेटच्या खडकापासून केलेल्या बऱ्याच खतांपेक्षा कमी असतं, हा त्याचा मोठा प्लस पॉइंट. युरोपियन युनियनच्या 2019 च्या खत नियमात स्ट्रुवाइटसारखे क्षार आणि राख हे वेगवेगळे गट आहेत, मग पोत्यावर स्पष्ट लिहायला काय जातं?

पोतं उन्हात तापू देऊ नका, फार गरम झालं तर त्यातला अमोनिया उडून जातो.

पाचपैकी चार स्टार, एक लेबलचा कापला. फळझाडं, कुंड्या, जास्त दिवसांची पिकं यांना परत घेईन, झटपट निघणाऱ्या पालेभाजीला नाही.