फाउंटनमध्ये मराठी पटकथा: काही महिने वापरल्यानंतर

किंडलवर स्वतः प्रकाशित केलेल्या माझ्या रहस्यकादंबरीची पटकथा मी गेल्या पावसाळ्यात करायला घेतली, तेव्हापासून फाउंटन वापरतोय. दोन खर्डे झाले, इथल्या इंदूरच्या नाटकवाल्या मित्रांबरोबर वाचनंही झाली. मराठीत पटकथा लिहिणाऱ्यांना याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फाउंटन हे सॉफ्टवेअर नाही. साधी टेक्स्ट फाइल आणि तिच्यात पटकथा कशी मांडायची याचे मोजके संकेत, एवढंच ते आहे. जॉन ऑगस्ट, स्टू माश्विट्झ आणि निमा युसेफी यांनी 2012 मध्ये ते आणलं. पैसे लागत नाहीत. नोटपॅडमध्येसुद्धा लिहिता येतं. मी व्हीएस कोड या टेक्स्ट एडिटरमध्ये 'बेटर फाउंटन' हे मोफत एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) टाकून लिहितो, म्हणजे छापल्यावर पान कसं दिसेल ते शेजारी दिसत राहतं. याआधी एक नावाजलेलं सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. त्यात पीडीएफ काढली की जोडाक्षरं फुटायची, 'कृष्णपुरा' हा शब्दसुद्धा धड वाचता यायचा नाही. साध्या टेक्स्टमध्ये ती भानगडच नाही.

आता अडचणीचं. इंग्रजीत पात्राचं नाव मोठ्या लिपीत लिहिलं की फाउंटन ते पात्र म्हणून ओळखतं. देवनागरीत मोठी-लहान लिपी नाहीच, त्यामुळे 'दिनकर' लिहिलं की ते वर्णनात जाऊन बसतं. उपाय फाउंटनमध्येच आहे: नावाआधी @ टाकायचा. दृश्याचं शीर्षक असेल तर ओळीच्या सुरुवातीला एक टिंब. मी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरतो आणि त्यात @ नाही, शिफ्ट धरून 2 दाबलं की अर्धचंद्र (ॅ) उमटतो. प्रत्येक संवादाला कीबोर्ड बदलत बसलो तर लिहिण्याची लय मोडते. म्हणून मी नावाआधी दोन आडव्या रेघा मारतो आणि दिवसाचं काम संपलं की 'शोधा-बदला' करून त्यांचे @ करून घेतो. फोनेटिक कीबोर्डवाल्यांना हा त्रास नाही.

पण मी फाउंटनवर खूश आहे ते वेगळ्याच कारणासाठी. माझ्या कादंबरीत एक जागा आहे: 'दिनकरला वाटलं, आपल्यावर कुणाची तरी नजर आहे. बाबा गेले त्या रात्रीही असंच वाटलं होतं.' वाचकांनी याच जागेबद्दल आवर्जून लिहिलं होतं. पटकथेत यातलं एक अक्षरही चालत नाही, कारण कॅमेऱ्याला 'वाटलं' दिसत नाही. आता ते असं आहे (कृष्णपुरा छत्र्या म्हणजे इथली जुनी समाधिस्थळं):

.बाह्य. कृष्णपुरा छत्र्या – रात्र

दिनकर पायरीवर. मागे चप्पल घासल्याचा आवाज. तो वळत नाही. किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळतो.

@दिनकर
कोण आहे?

जुडगा बाबांचा आहे हे आधी कुठेतरी दिसायला हवं, म्हणून त्यांच्या दुकानाचं शटर उघडण्याचा एक अख्खा नवा प्रसंग आला. तो कादंबरीत नव्हता आणि आज मला तो कादंबरीतल्या कितीतरी पानांपेक्षा जवळचा वाटतो. अशा ठिकाणी मूळ वाक्य मी दुहेरी चौकटी कंसात तिथेच ठेवून देतो. ती टीप होते आणि छापताना वगळता येते. मूळ भाव डोळ्यांसमोर राहतो, पण पानावर येत नाही. कादंबरीकडून पटकथेकडे येणाऱ्याला याहून उपयोगाची सोय मला दुसरी दिसलेली नाही.

वेळेचा अंदाज मात्र यात मिळत नाही. 'एक पान म्हणजे साधारण एक मिनिट' हा हिशोब 12 पॉइंट कुरिअर या इंग्रजी फॉन्टवर बसवलेला आहे. पटकथेसाठी वापरल्या जाणाऱ्या त्याच्याच कुरिअर प्राइम या रूपात देवनागरी अक्षरंच नाहीत, मी 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट वापरतो आणि त्यात पानावर किती मजकूर मावतो ते अगदी निराळं. त्यामुळे आम्ही रामबागेत एका मित्राच्या गच्चीवर पटकथा मोठ्याने वाचली आणि घड्याळ लावलं. इंदूरचे नट असल्यामुळे संवादात 'भिया' (इंदुरी बोलीतलं 'भाऊ') आपोआप आलं, मी ते ठेवलंय. माझी माणसं या गावातलीच आहेत, त्यांनी पुण्यासारखं बोलावं असं मला वाटत नाही.

हक्कांबद्दल विचारणारे बरेच असतात. केडीपी सिलेक्ट या अॅमेझॉनच्या किंडल योजनेतली 90 दिवसांची बांधिलकी फक्त ई-बुकपुरती असते, चित्रपटाचे हक्क लेखकाकडेच राहतात. कुणी कादंबरी मागायला आलं तर करारात मुदत आणि प्रदेश लिहून घ्याच. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पटकथा कुणाला पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवा. त्या तारखेला ही पटकथा तुमच्याकडे होती याचा तो पुरावा असतो. नोंदणीला पीडीएफ लागते, ती फाउंटनमधून निघतेच.

चित्रीकरण ठरल्यावर पानं कुलूपबंद करणं (म्हणजे पुढे बदल झाले तरी पानांचे क्रमांक न हलू देणं), बदललेल्या पानांना रंग देणं हे फाउंटनमध्ये नाही. ती वेळ आली की फाइल एफडीएक्समध्ये, म्हणजे फायनल ड्राफ्ट या पटकथा-सॉफ्टवेअरच्या फाइलप्रकारात, बदलून द्यावी लागेल. तिसरा खर्डा मात्र मी यातच लिहितोय.