माचू पिक्चूची 'शेवटची दोन तिकिटं': कुस्कोत ७२० सोलला फसलो

७२० सोल, म्हणजे जवळपास १९० डॉलर. रक्कम फार मोठी नाही हे मला कुणी ऐकवू नका, घरात सगळ्यांनी ऐकवून झालंय. न्यू जर्सीहून पेरूला जाऊन, माचू पिक्चूच्या दारापर्यंत पोचून, आत न जाता परत आलो. त्याची किंमत कोण भरून देणार?

ह्यांची रजा उशिरा मंजूर झाली आणि जूनचा मधला आठवडा मिळाला. तिकडे तो कोरडा हंगाम, त्यात २४ जूनला कुस्कोजवळच्या साक्सायवामान या इंकांच्या जुन्या किल्ल्यावर इन्ती रायमीचा, म्हणजे सूर्याचा उत्सव, म्हणजे गर्दीचा कळस. माचू पिक्चूत दिवसाला साधारण ४,५०० माणसं सोडतात, ठरावीक दिवशी ५,६००. संस्कृती मंत्रालयाच्या 'तू बोलेतो' पोर्टलवर आमच्या तारखेला सगळीकडे शून्य. माचू पिक्चूची गाडी जिथून सुटते त्या ओयान्तायताम्बो गावाहून रेल्वेचं जाण्यायेण्याचं बुकिंग मात्र आधीच झालं होतं, दोघांचे २६८ डॉलर, परतावा नाही.

माचू पिक्चूला जाणारे आधी मुक्काम करतात ते कुस्को शहर ३,४०० मीटरवर आहे. लेहपेक्षा जरा खाली, पण लेहला निदान लोक सांगून ठेवतात की दोन दिवस पडून राहा. आम्ही समुद्रकाठच्या लिमातून थेट विमानाने उतरलो. हे हॉटेलात कोकाचा चहा पिऊन उलट्या काढत होते, माझंही डोकं ठणकत होतं. ज्यांना "इतकं कसं कळलं नाही तुला?" असं विचारायचंय, त्यांनी आधी त्या हवेत चार जिने चढून दाखवावेत.

प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकापासून दोन गल्ल्या आत ते ऑफिस होतं. रस्त्यावर ओढून नेणारा दलाल नव्हे. रीतसर पाटी, भिंतीवर फ्रेम केलेले परवाने, टेबलाच्या काचेखाली लामांचे फोटो. आधीच्या गिऱ्हाइकाला तो माणूस हसत निरोप देत होता. (तेही त्याच्याच गोटातलं असणार, असं आता वाटतं.) म्हणाला, एका ग्रुपने रद्द केलेली दोन तिकिटं उरलीत, सर्किट २ ची (आत फिरायचे मार्ग ठरलेले असतात, त्यातला एक). दर माणशी २९० सोल. परदेशी प्रौढाचा सरकारी दर १५२ आहे हे मला माहीत होतं, पण ऐनवेळी वर पैसे मोजावे लागतात हे आपल्याकडेही रेल्वेच्या तिकिटाला शिकलोच की. तिकिटं ५८०, बस १८०, गाईड १४०, एकूण ९०० सोल. कार्ड चालेल, पण वर सहा टक्के, म्हणून रोख.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप उडते. मी दोघांचे पासपोर्ट पर्समधून काढून टेबलावर ठेवले. त्याने ते उघडलेसुद्धा नाहीत. दोन बोटांनी काचेवरून माझ्याकडे परत सरकवले आणि म्हणाला, "नुसती नावं लिहून द्या." माचू पिक्चूचं तिकीट पासपोर्ट क्रमांकाशिवाय निघतच नाही! दारावर मूळ पासपोर्ट बघतात, हे मी स्वतः वाचून गेले होते. तरी मला काय वाटलं, तर किती सभ्य माणूस, पासपोर्टला हातही लावत नाही.

संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. आमच्या आडनावाचं स्पेलिंग अचूक, तारीख बरोबर, वेळ सकाळी ९. ओळखपत्राच्या रकान्यात नुसते आठ आकडे. आपल्या पासपोर्टला आधी एक इंग्रजी अक्षर असतं; आठ आकडी असतं ते पेरूच्या नागरिकांचं ओळखपत्र. त्यांना तिकीट ६४ सोलला मिळतं. कुणाचीतरी खरी तिकिटं घेऊन वर आमची नावं चिकटवली होती, बस्स. पीडीएफ आली की आधी तो रकाना बघा, नाव नंतर.

बसची तिकिटं खरी होती (म्हणूनच ९०० पैकी ७२० बुडाले म्हणते), त्यामुळे वर दारापर्यंत शंकाच आली नाही. दारावर क्यूआर स्कॅन झाला आणि पडद्यावर भलतीच दोन नावं. मागच्या रांगेतले लोक उसासे टाकायला लागले. "अहो, त्यांना रिसीट दाखवा ना," मी म्हणत होते. तिथल्या बाईने रिसीटकडे बघितलंही नाही, हाताने बाजूला व्हायची खूण केली. गाईड अर्थातच आला नाही. डोंगराखालच्या गावात, जिथून बस वर येते, दिवसाला हजार तिकिटं खिडकीवर मिळतात, पण पुढच्या दिवसांची, आणि आमची गाडी त्याच संध्याकाळी. ज्यांच्या हातात दिवस आहेत त्यांनी सरळ त्या रांगेत उभं राहावं, कुठल्याही ऑफिसची पायरी चढू नये.

कुस्कोत परत आलो तर त्या टेबलावर एक मुलगी. तो माणूस इथे काम करत नाही, फक्त टेबल भाड्याने घेतो म्हणे! पेरूत प्रत्येक दुकानाला तक्रारवही ठेवावी लागते. मी ती मागितली, तर तिची पानं संपली होती. रिसीटवर अकरा आकडी कर क्रमांक नव्हता, म्हणजे तो कागद रद्दीच्या भावाचा. हा क्रमांक नसेल तर पैसे देऊ नका, काय वाट्टेल ते होवो.

मग पोलीस. पहिल्या चौकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीकडे इंग्रजी येणारा साहेब जेवायला गेलेला. दीड तास बाकावर. आला तेव्हा त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मोबाइलवरचे फोटो बघितले, फसवणाऱ्याचा नंबर स्वतः लिहून घेतला आणि छापील कागद हातात ठेवला. हॉटेलातल्या मुलाने वाचून सांगितलं की त्यात 'रोख रक्कम हरवल्याची' नोंद आहे. परत गेलो तर म्हणे दुरुस्ती उद्या. उद्या आमचं विमान. बँकेला फोन केला: रोखीत काही करता येत नाही. हेल्पलाइनने ईमेल करायला सांगितलं, ईमेलला उत्तर आलं की स्थानिक पोलिसांकडे जा!

प्रवास विम्याचं तर विचारूच नका. हरवलेली रोख पॉलिसीत बसत नाही, फसवणूक असेल तर तसा पोलीस कागद आणा, तोही इंग्रजी भाषांतरासह. कागदपत्रं, फोटो, रेल्वेची तिकिटं, सगळं पाठवलं, महिनाभर मेल चालले. डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपणच सोसायचा भाग, २५० डॉलर आहे, म्हणजे आमचे १९० मुळात मिळणारच नव्हते, हे त्यांनी शेवटच्या मेलमध्ये सांगितलं.