नाव १०५० टीआयचं, चिप २०११ची

माझ्या धाकट्या भावाने दहा महिने शिकवण्या घेऊन पैसे साठवले, थोडी भर मी घातली. गेम खेळता येतील असा परवडणारा कॉम्प्युटर, एवढीच त्याची मागणी होती. त्या पैशांत आम्ही जो घरी आणला त्यातलं ग्राफिक्स कार्ड बनावट निघालं. कार्ड जुनं, २०११ साली आलेल्या मॉडेलचं, आणि त्याच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डाची ओळख सांगणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, २०१६ साली आलेल्या मॉडेलचं नाव भरलेलं. अशी कार्डं आजही विकली जातात, आणि ज्यांच्याकडे पैसे मोजके असतात त्यांच्याच गळ्यात पडतात. म्हणून जे झालं ते सविस्तर लिहिते आहे.

जाहिरातीतली ओळ मला अजून पाठ आहे : आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४८० जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉट एसएमपीएस. तेव्हा वाटलं, या पैशांत आणखी काय हवं! त्या सबंध ओळीत एकाही पार्टचं पूर्ण नाव नव्हतं हे आमच्या लक्षातच आलं नाही. आय-सेव्हन प्रोसेसर कितव्या पिढीचा, कार्ड कुठल्या मॉडेलचं, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कुठल्या कंपनीचा, काहीच नाही. आम्हीही विचारलं नाही.

विक्रेता बोलायला गोड. "ताई, आधी मशीन चालू करून दाखवतो, मगच पैसे द्या," म्हणाला आणि त्यावरच माझा विश्वास बसला. पंखे रंगीत उजेडात फिरायला लागले, भाऊ तर हरखूनच गेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव स्वच्छ दिसत होतं, एनव्हिडिया जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय. एक जुना रेसिंग गेम लावला, तोही न अडखळता चालला. दुसऱ्या एकाने जवळपास तेवढ्याच पैशांत बाराव्या पिढीचा आय-थ्री सुचवला होता, ते मी बोलून दाखवलं. "आय-थ्री कुठे आणि आय-सेव्हन कुठे, ताई!" मलाही ते पटलं. निघताना त्याने एक पेन ड्राइव्ह हातात ठेवला. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, यातलाच टाकायचा, दुसरा नाही, आणि विंडोज अपडेट बंद ठेवलंय ते चालू करू नका, मशीन स्लो होतं. आपल्या गिऱ्हाइकाची काळजी आहे म्हणून सांगतोय, असं मी समजले.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रडगाणं सुरू झालं. गेम उघडायचा, मेनू दिसायचा, लोडिंग पुढे सरकलं की स्क्रीन काळी. एक गेम तर उघडेचना, व्हल्कन, म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यातला सॉफ्टवेअरचा दुवा, नाही म्हणून तक्रार करायचा. जरा जोर पडला की अख्खं मशीन बंद. भावाने दोनदा विंडोज नव्याने टाकून पाहिलं, रात्र-रात्र जागला. "ताई, माझंच काहीतरी चुकतंय" असं तो पंधरा दिवस म्हणत होता. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण हे वाक्य मला जास्त लागलं. त्याचं काहीही चुकत नव्हतं.

शेवटी त्याने पेन ड्राइव्ह बाजूला ठेवून १०५० टीआयचा ड्रायव्हर थेट एनव्हिडियाच्या साइटवरून उतरवला आणि टाकला. कार्डाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आला, कोड ४३, म्हणजे विंडोजने कार्ड बंद केलं. मग एका मित्राच्या सांगण्यावरून जीपीयू-झेड चालवलं. कार्डाची माहिती दाखवणारी टेकपॉवरअपची ही लहानशी युटिलिटी फुकट मिळते. उघडल्याबरोबर पहिल्याच रकान्यात, कार्डाच्या नावाआधी, चौकटी कंसात शब्द होता : फेक. २०१८ पासून ही युटिलिटी नवं नाव चढवलेल्या जुन्या एनव्हिडिया चिप ओळखून तसं लिहून दाखवते. खालचे रकाने भावाने मोठ्याने वाचले. चिप जीएफ११६, ४० नॅनोमीटर, शेडर्स (चित्राची गणितं करणारे भाग) १९२. खऱ्या १०५० टीआयमध्ये चिप जीपी१०७ असते, १४ नॅनोमीटरची, आणि शेडर्स ७६८.

दुरुस्ती करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने कार्डाचा पंखा आणि हीटसिंक उतरवून, पेस्ट पुसून चिपवरची अक्षरं दाखवली. जीएफ११६-४००, म्हणजे जीटीएक्स ५५० टीआय. मेमरी खरी १ जीबी, बायॉसमध्ये मात्र ४ जीबी लिहिलेली. गेमला वाटतं जागा ४ जीबी आहे, तो भरत जातो, १ जीबीची हद्द ओलांडली की सगळं कोसळतं. दुकानात लावलेला जुना गेम त्या हद्दीच्या आतच बसत होता, म्हणून तिथे काही दिसलं नाही. व्हल्कनचंही तेच. या पिढीच्या, म्हणजे फर्मी चिपना एनव्हिडियाने व्हल्कन कधी दिलंच नाही, आणि गेमसाठीचे नवे ड्रायव्हर तर २०१८ सालीच बंद केले. पेन ड्राइव्हमध्ये होता तो फेरफार केलेला ड्रायव्हर, आणि अपडेट बंद ठेवायला सांगण्याचं कारणही तेच. अपडेटने खरा ड्रायव्हर आणला असता तर सोंग पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं.

त्या माणसाने कार्डाच्या पट्टीवरच्या निळ्या व्हीजीए पोर्टवर, म्हणजे मॉनिटरच्या जुन्या अ‍ॅनालॉग जोडणीवर, बोट ठेवलं. जीटीएक्सच्या १००० मालिकेतल्या चिपमध्ये अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही, त्यामुळे १०५० टीआयवर हा पोर्ट दिसला की तिथेच थांबायचं, असं तो म्हणाला. घेतल्या दिवशी मी हौसेने मशीनचे फोटो काढले होते. त्यातल्या दोन फोटोंत तो निळा पोर्ट अगदी ठळक दिसतो.

एसएमपीएसचं प्रकरण मला कार्डापेक्षाही गंभीर वाटतं, कारण तिथे आग लागण्याची भीती असते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट. बाजूच्या बारीक लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. प्रोसेसर आणि कार्ड आपली वीज मुख्यतः या १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात, आणि १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॉट. आता बेरीज करून बघा. आमचा प्रोसेसर ९५ वॉटचा, ५५० टीआय ११६ वॉटचं. दोघांचेच २११ झाले. मशीन धापा टाकत बंद पडायचं ते यामुळे, आणि मागून गरम प्लॅस्टिकसारखा वास यायचा तोही यामुळेच. कार्डाला सहा पिनची जी वायर जोडली होती ती मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनच्या वायरवरून, कन्व्हर्टर लावून ओढलेली होती, तिचं आवरण एका ठिकाणी पिवळं पडलं होतं. या मशीनपाशी भाऊ रात्ररात्र बसत होता. खोक्यावरचा वॉटचा आकडा वाचू नका, १२ व्होल्टचे अँपिअर वाचा, हे मी आता दिसेल त्याला सांगते.

आय-सेव्हनबाबत विक्रेता खोटं बोलला नाही. आय-सेव्हन म्हणाला, आय-सेव्हनच दिला, फक्त तो आय-सेव्हन २६०० होता, जानेवारी २०११ चा. चार कोअर, आठ थ्रेड. ज्या आय-थ्रीवर तो हसला, त्या १२१०० मध्येही चार कोअर, आठ थ्रेड आहेत, आणि तो याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे. शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत, २६०० त्यात नाही. बोर्ड एच६१, रॅम डीडीआर३, दोन्ही त्याच जुन्या काळातले. पुढे नव्या पिढीचा प्रोसेसर घालायचा तर बोर्डही बदला, रॅमही बदला. आय-सेव्हन हे घराण्याचं नाव झालं, त्यापुढचा आकडा विचारल्याशिवाय काहीच कळत नाही. रॅम आणि एसएसडी मात्र सांगितल्याप्रमाणे निघाले, तेही नोंदवते.

विक्रेत्याकडे परत गेलो तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. "तुम्ही ड्रायव्हर बदललात, कार्ड तुमच्या हातून गेलं." बिल काढून दाखवलं. त्यावर एवढंच : असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग. ना पार्टांची नावं, ना सीरियल नंबर. हे कार्ड त्याच्याकडूनच आलं हे आम्ही कशावरून दाखवणार? वॉरंटीचं म्हणाल तर त्याने स्वतः छापलेला एक स्टिकर, कुठल्याही कंपनीचा नव्हे. तिसऱ्या फेरीनंतर त्याने फोन उचलणं सोडलं.

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर पैसे देण्याआधी प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. जो लिहायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त देवो. कार्ड जुनं घेताय तर जीपीयू-झेड पेन ड्राइव्हवर सोबत न्या, आणि त्याच्यासमोर कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर टाकून मशीन रीस्टार्ट करायला लावा. माझ्या मते हीच सगळ्यात खरी कसोटी, कारण लेबल बदलता येतं, नाव बदलता येतं, पण कंपनीचा ड्रायव्हर चिपला ओळखतो. त्यानंतर एखादा नवा, जड गेम निदान अर्धा तास चालू ठेवा. संकोच करू नका.

आणि बजेट पुरतच नसेल तर कार्डाशिवाय सुरुवात करा. भावाने पुन्हा पैसे जमवून रायझन ५ ५६००जी घेतला. त्यात ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे, त्यामुळे कार्ड नंतर सवडीने घालता येतं. रॅम १६ जीबीची एक कांडी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. अशा ग्राफिक्सची स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरतं, आणि दोन कांड्यांनी रॅमची रुंदी, म्हणजे एका वेळी ये-जा करणारा डेटा, दुप्पट होते. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, नवा, कोऱ्या खोक्यातला. सेटिंग खाली ठेवून त्याचे बरेचसे गेम चालतात.

मध्यंतरी एकाने ते जुनं कार्ड विकत मागितलं. स्टिकर तसाच असू दे, म्हणाला. भावाने दिलं नाही. त्याने स्टिकर खरवडून काढला आणि कार्डाच्या पाठीवर पक्क्या मार्करने लिहिलं : जीटीएक्स ५५० टीआय, १ जीबी, २०११.