मेर्झूगाचे पैसे घेतले आणि झागोऱ्याला नेऊन सोडलं

मोरोक्कोला जाणाऱ्यांनो, पावतीवर नुसतं ‘डेझर्ट’ किंवा ‘सहारा’ लिहिलेलं असेल तर एक दिरहॅमही देऊ नका. गावाचं नाव लिहून घ्या. मेर्झूगा हे गाव आणि एर्ग शेब्बी या तिथल्या वाळूच्या उंच टेकड्या, हे दोन्ही शब्द, एजंटच्याच हातानं, त्याच्याच शिक्क्याखाली. आमच्या पावतीवर ते नव्हते म्हणून आमचे 11,460 दिरहॅम गेले. आमच्या वेळच्या दरानं, दिरहॅमला साडेआठ रुपये धरले तर 97,410 रुपये. हा आकडा लिहिताना अजून हात थरथरतो.

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं गेलो होतो. मी, हे, लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून अनोळखी लोकांबरोबर मिनीबसमध्ये बसायचं नाही, स्वतंत्र गाडीच हवी, हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं होतं. मराकेशहून ॲटलास ओलांडायचा, पहिली रात्र दादेसच्या घळीत, दुसरी मेर्झूगाच्या तंबूत आणि तिसऱ्या दिवशी फेज. हा नेहमीचा मार्ग आहे, हजारो लोक याच रस्त्यानं जातात. एजंट आम्हाला मराकेशच्या जमा अल-फना चौकात हात धरून ओढणाऱ्यांपैकी नव्हता. ज्या रियादमध्ये, म्हणजे जुन्या वाड्यातल्या हॉटेलात, उतरलो होतो तिथल्याच माणसानं ओळख करून दिली. दुकान होतं, टेबल होतं, भिंतीवर परवाना टांगलेला होता. ‘रस्त्यावरच्या माणसावर विश्वास कशाला ठेवलात’ असं परत आल्यावर दोन नातेवाइकांनी सुनावलं, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

भाव ठरला 9,600 दिरहॅम. चौघांचा, स्वतंत्र गाडी, दोन्ही रात्रींचा मुक्काम, उंट, शाकाहारी जेवण, सगळं धरून. अर्धे म्हणजे 4,800 आगाऊ, कार्डावर. उरलेले 4,800 तिसऱ्या दिवशी फेजला पोचल्यावर. त्यानं भिंतीवरच्या नकाशावर मेर्झूगावर बोट ठेवलं, मोबाइलवर केशरी टेकड्यांचे फोटो दाखवले, शाहरुखचं नाव घेऊन झालं, पुदिन्याचा चहा झाला. पावती फ्रेंचमध्ये लिहिली. तिच्यात ‘वाळवंट सहल, 3 दिवस 2 रात्री’ एवढंच आहे, हे आम्हाला पुढे पोलिसांनी वाचून दाखवलं. त्याचे व्हॉट्सॲपवरचे सगळे निरोपही आता पुन्हा वाचले. एकातही मेर्झूगा हा शब्द त्यानं टाइप केलेला नाही. जिथे आम्ही नाव घालून विचारलं तिथे अंगठा दाखवणारं चिन्ह, नाहीतर थेट फोन. इतकं जपून वागणारा माणूस पहिल्यांदा फसवत नसतो.

सकाळी गाडीऐवजी मिनीबस आली. स्वतंत्र गाडी बिघडली आहे, वाटेत वारझाझात नावाचं शहर आहे तिथे दुसरी उभी आहे, तिथपर्यंत यातून चला, असं ड्रायव्हर म्हणाला. सामान रस्त्यावर, सासूबाई बोळाच्या तोंडाशी उभ्या, रियादची खोली सोडलेली. बसलो.

टिझी न टिश्काची खिंड 2,260 मीटरवर आहे. वरंध घाटाची वळणं आठवा आणि ती दोन-तीन तास चालू राहतात असं समजा. सासूबाईंना चारदा ओकाऱ्या झाल्या. ऐत बेनहद्दूला उतरलो तेव्हा त्यांना धड उभं राहवत नव्हतं. ते मातीचं गाव 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, ते पाहायला मी वर्षभर वाट पाहिली होती, आणि मी खाली एका हॉटेलच्या बाकावर त्यांच्या तोंडावर पाणी मारत बसले होते. नेमकं तेव्हा ड्रायव्हर ह्यांच्याजवळ आला आणि उरलेले 4,800 मागू लागला. रोख. ऑफिसला आत्ता कळवायचं आहे, नाहीतर रात्रीची खोली जाईल, म्हणाला. ह्यांनी एजंटला फोन लावला. त्यानं उचलला आणि ‘हो, द्या, काही काळजी नको’ म्हणून सांगितलं.

हाच तो क्षण. त्यानंतर झोप लागत नाही त्या रात्री मी हाच उगाळते. फेजला द्यायचे पैसे ऐत बेनहद्दूला का मागितले? कारण पुढे वारझाझातला फाटा आहे. तिथून मेर्झूगाचा रस्ता पूर्वेला स्कुरा, दादेस, तिंघीर असा जातो, आणि झागोऱ्याचा दक्षिणेला अगदझवरून द्रा नदीच्या खोऱ्यात उतरतो. त्या फाट्यावर गाडी कुठे वळते हे कोणालाही दिसणार होतं, म्हणून फाट्याच्या आधी खिसा रिकामा करून घ्यायचा होता. ज्याला ती आखणी ठाऊक आहे त्यालाच ती दिसते. आजारी म्हातारं माणूस मांडीवर असताना, ज्याच्याशी करार केला तो मालकच फोनवर ‘द्या’ म्हणत असताना, तिथे दुसरं कोणी काय वेगळं केलं असतं ते मला सांगावं.

लेकीनं पाहिलं होतं. वारझाझात मागे पडल्यावर तिनं फोनवरचा नकाशा माझ्यासमोर धरला, ‘आई, आपण खाली चाललोय.’ मी लगेच ड्रायव्हरला विचारलं. त्यानं सांगितलं, तिंघीरकडे पुरानं रस्ता वाहून गेलाय, म्हणून झागोऱ्यावरून फिरून उद्या मेर्झूगा. हे खोटं म्हणायला आमच्याकडे काहीच आधार नव्हता. सप्टेंबर 2024 मध्ये मोरोक्कोच्या त्याच भागात खरोखर मोठे पूर आले होते, माणसं गेली होती, दशकानुदशकं कोरडं असलेलं इरिकी सरोवर भरल्याचे फोटो आपल्याकडच्या पेपरातही आले होते. आणि झागोऱ्याहून ताझारीन, अलनिफ, रिसानी असा मेर्झूगाला जाणारा रस्ता नकाशावर आहेच. लबाडी खऱ्या गोष्टींना चिकटवून सांगितली होती. रस्ता बंद असल्याचं ड्रायव्हर सांगेल तर आपल्या त्या रात्रीच्या हॉटेलला स्वतः फोन करा. हॉटेलचं नाव आधी मागून घ्या. नाव द्यायला कुरकुर केली तर तिथेच उठा.

झागोऱ्याचा तो तंबू खडकाळ माळावर होता. वाळूचे उंचवटे होते, दुमजली घराइतकेही नाहीत, आणि पलीकडे डांबरी रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे दिसत होते. एर्ग शेब्बीच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच आहेत. झागोऱ्याच्या बाजूला तशा मोठ्या टेकड्या पाहायच्या तर म्हामिदच्याही पुढे एर्ग शिगागाला जावं लागतं, तेही जीपनं. झागोरा गावाबद्दल माझा राग नाही. खजुरीची बनं सुंदर आहेत, जवळच्या तामग्रूतला जुन्या हस्तलिखितांचं ग्रंथालय आहे, टिंबक्टू 52 दिवस अशी उंटांच्या तांड्यांची पाटी आहे. ते पाहायला जाणाऱ्यानं जरूर जावं. पण त्यासाठी मेर्झूगाचे पैसे द्यायचे नाहीत. उंटांचे तिथे वेगळे 600 घेतले, माणशी 150. शाकाहारी जेवण म्हणून जे आलं त्या ताजिनमधून (मातीच्या भांड्यात शिजवलेल्या रश्श्यातून) मांस वरच्या वर काढून ठेवलेलं होतं. सासूबाई त्या रात्री पाव आणि खजूर खाऊन झोपल्या. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

त्याच तंबूत एका स्पॅनिश जोडप्याशी बोलणं झालं. त्यांनी याच मिनीबसचे, याच तंबूचे, दोन दिवसांच्या झागोरा सहलीचे माणशी 650 दिले होते. चौघांचे 2,600. आमच्याकडून 9,600. आमचं बुकिंग त्या एजंटनं सरळ दुसऱ्याच्या गाडीत ढकललं होतं आणि मधले 7,000 खिशात घातले होते. सकाळी मिनीबस मराकेशला परत निघाली. ड्रायव्हर म्हणाला, माझ्या यादीत तुम्ही दोन दिवसांचे आहात, ऑफिसशी बोला. ऑफिस फोन उचलेना.

फेजहून परतीचं विमान असल्यामुळे मागे जाऊनही भागत नव्हतं. मोठी टॅक्सी करून मेर्झूगा, 1,500. तिथला तंबू, 1,600. फेजपर्यंत रात्रीच्या बसची चार तिकिटं, 760. म्हणजे 3,860 आणखी. एजंटनं खाल्लेले 7,000, उंटांचे 600 आणि हे, असे ते सुरुवातीला सांगितलेले 11,460. ही टॅक्सी आणि ही बस कोणालाही मिळते, मराकेशहून मेर्झूगाला थेट बसही आहे, आणि तंबूवाल्याशी थेट बोलून तिथे पोचल्यावर पैसे देता येतात. मधला माणूस लागतच नाही. हे कोणी आम्हाला आधी सांगितलं असतं तर!

आता पोलिसांचं. शहरात 19 आणि शहराबाहेर 177 हे क्रमांक लिहून ठेवा, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. वाटेतल्या एका चौकीत गेलो तर व्यवहार इथला नाही, मोठ्या शहरात जा. मोठ्या शहरातल्या चौकीत दीड तास बसवलं, मग व्यवहार मराकेशचा, तिथे जा. ह्यांनी हात जोडून सांगितलं की उद्या विमान आहे. तेव्हा एका साहेबानं पावती वाचली आणि विचारलं, वाळवंटात गेलात ना? तंबूत झोपलात ना? मग फसवणूक कुठे झाली? तक्रार फ्रेंच किंवा अरबीत लिहून आणा म्हणाले. लेकीनं तिथेच फोनवर भाषांतर करून कागदावर उतरवून दिलं, तर हा धंद्यातला वाद आहे, फौजदारी नाही, म्हणून नोंदच केली नाही. पोच द्या म्हटलं, तर नोंद नाही तर पोच कसली. आजारी सासूबाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या, त्यांना कोणी खुर्चीसुद्धा दिली नाही.

आणि ती पोच नाही म्हणून पुढचं सगळं अडलं. प्रवास विम्याच्या कंपनीला पोलिसांचा कागद हवा, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. बँकेला कळवलं की 4,800 चा कार्ड व्यवहार फसवणुकीचा आहे. तपासलं तर तो सहलीच्या दुकानाच्या नावावर नव्हताच, कुठल्याशा हस्तकला दुकानाच्या नावावर होता! यंत्रावर उमटलेलं नाव तिथल्या तिथे वाचा, दुकानाच्या पाटीशी जुळवा, जुळत नसेल तर पिन टाकू नका. मला वाटलं, एवढा पुरावा पुरे. बँकेचं उत्तर आलं की पिन तुम्हीच टाकला आहे, व्यवहार वैध आहे. मी चार पानी पत्र लिहिलं, फोटो जोडले, स्पॅनिश जोडप्यानं ईमेलवर पाठवलेली त्यांची 650 ची पावती जोडली. पुन्हा तेच दोन ओळींचं उत्तर, माझ्या एकाही मुद्द्याचा उल्लेख नसलेलं. पगार जमा व्हायला हीच बँक, आणि अडचणीत दारही उघडत नाही.

बँकेनं नकार दिला किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला शुल्क नाही. मी ती केली आहे. रोख दिलेल्या 4,800 चा तर कुठे कागदच नाही, ते गेले. ज्यांचं या सुट्टीत मराकेशचं बुकिंग आहे आणि हातात नुसती ‘सहारा’ लिहिलेली पावती आहे, त्यांनी आजच एजंटला लेखी विचारावं: पहिली रात्र कोणत्या गावात, दुसरी कोणत्या तंबूत, गाडीत आणखी कोण, आणि उरलेले पैसे कोणत्या शहरात. उत्तर फोनवर आलं तर फोन ठेवून पुन्हा लेखी मागा.