‘फुल सिंथेटिक’चे साडेआठशे रुपये

“साधं टाकू की सिंथेटिक?” सर्व्हिसिंगला गाडी स्टँडवर चढली की इंजिन ऑइलबद्दल हा प्रश्न येतोच. मलाही मार्चमध्ये आला. फरक काय म्हणून विचारलं, तर गॅरेजवाला म्हणाला, “दादा, साध्याला तीन हजारांनी परत यावं लागतं. सिंथेटिक टाकलं की दहा हजार किलोमीटर बघायचंच नाही.” साधं चारशेला, सिंथेटिक साडेआठशेला. मी उभ्या उभ्या हिशोब केला. दहा हजारांत साध्याचे तीन बदल म्हणजे बाराशे गेले, इथे साडेआठशेत भागतंय. मी हो म्हणालो. माझी फसवणूक त्या हिशोबातच झाली. ज्यांचं पोट दुचाकीवर आहे त्यांनी तरी हे नीट वाचावं, म्हणून सगळं लिहितो आहे.

मी भोसरीला राहतो, चाकण एमआयडीसीत कामाला आहे. रोजचे जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर, त्यात मोशीपासून पुढे कोंडी. गाडी होंडाची युनिकॉर्न मोटरसायकल, आठ वर्षांची, तोपर्यंत इंजिनाचं एकही काम न निघालेली.

त्या दिवशीच्या दोन गोष्टी मला नंतर आठवल्या. नव्या डब्याचं झाकण पहिल्यांदा फिरवलं की खालची प्लॅस्टिकची रिंग कट् असा आवाज करून तुटते. त्याने झाकण फिरवलं तेव्हा आवाज झाला नाही. दुसरी गोष्ट, चेनला लावायचं ऑइल ठेवायला मी रिकामा डबा मागितला, तर तो म्हणाला, “राहू द्या की, आम्हाला लागतो.” मी आग्रह धरला म्हणून दिला. डबा दिसायला झकपक, नामांकित कंपनीचा. बिल मागितलं नाही. पैसे रोख दिले.

महिनाभरातच गाडीचं पिकअप कमी झालं. परत गेलो, तर त्याने क्लचची वायर ओढून दिली आणि पन्नास रुपये घेतले. चार दिवस बरं वाटलं. मग उड्डाणपुलावर चढताना इंजिनाचा आवाज वाढायचा, पण गाडी त्या मानाने पळायची नाही. गाडी जुनी झाली असेल असं मी स्वतःला समजावत राहिलो. ऑइलचा विचारही मनात आला नाही, कारण दहा हजारांपर्यंत बघायचंच नव्हतं ना.

गौरी-गणपतीला गावी निघालो, बायको मागे, मध्ये बॅग. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढत होतो. दुसऱ्या वळणावर गाडीने मान टाकली. रेस दिली की इंजिन किंचाळायचं आणि चाक मात्र चालत्या माणसाच्या वेगाने फिरायचं. मागून भरलेले ट्रक, डाव्या बाजूला कठडा, आणि जळक्या क्लचचा तो उग्र वास. बायकोला उतरवून एका पिकअप टेम्पोत बसवलं आणि एकट्याने पहिल्या गियरवर, थांबत थांबत घाट चढलो. मागच्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला नसता तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही हात गार पडतात.

गावातल्या मिस्त्रींना सगळे नाना म्हणतात. नानांनी ड्रेन बोल्ट काढला आणि खाली पाण्याची कापलेली बाटली धरली. माझ्या गाडीत लिटरभर ऑइल बसतं. बाटलीत जेमतेम सहाशे मिली आलं, तेही काळंकुट्ट आणि पाण्यासारखं पातळ. नानांनी ते दोन बोटांत चोळलं आणि बोटं उन्हात धरली. बोटांवर बारीक चमकता चुरा होता. “किती किलोमीटर झाले?” “सहा हजार आठशे.” “आणि काडी एकदाही बघितली नाहीस?” नाही बघितली. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी, पुसून बघायला दोन मिनिटं लागतात, मी सहा महिन्यांत एकदाही ती काढली नव्हती.

मग क्लच उघडला. घर्षणाच्या प्लेटा जळून काळ्या आणि गुळगुळीत झालेल्या, मधल्या लोखंडी प्लेटा उष्णतेने निळ्या पडलेल्या. नानांनी एक प्लेट माझ्या हातात दिली आणि समजावलं ते असं. चारचाकीत इंजिनाचं ऑइल वेगळं, गियरचं वेगळं आणि क्लच बहुतेक वेळा कोरडा. आपल्या मोटरसायकलीत एकच लिटर ऑइल इंजिनालाही पुरतं, गियरलाही आणि क्लचच्या प्लेटाही त्यातच बुडालेल्या. चारचाकीच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात, म्हणजे पेट्रोल वाचतं. तेच ऑइल आपल्या क्लचवर गेलं की प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत, घसरतात आणि जळतात. म्हणून जपानी वाहन उद्योगाच्या जासो या मानकात मोटरसायकलच्या ऑइलला एमए, एमए१ किंवा एमए२ अशी खूण असते. एमबी लिहिलेलं कमी घर्षणाचं, ते कोरडा क्लच असलेल्या स्कूटरसाठी. त्यात गॅरेजवाल्याने वायर ओढून लिव्हरचं ढिलेपण घालवलेलं. त्यामुळे क्लच सतत अर्धवट दाबलेला राहिला आणि आणखी घसरत गेला. त्या दुरुस्तीचे पन्नास रुपयेही मीच दिले होते.

क्लच प्लेटा, स्प्रिंगा, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी धरून बत्तीसशे झाले. नाना गावचे, म्हणून इतक्यात भागलं.

भोसरीला आल्यावर तो डबा शोधून काढला आणि बल्बखाली धरला. तोंडाच्या कडेला जुन्या चांदीच्या कागदाची फाटकी किनार चिकटून होती, म्हणजे त्याचं सील आधीच कधीतरी फुटलं होतं. झाकणाखाली रिंग नव्हती. बॅच नंबर आणि महिना-वर्ष जिथे छापतात तिथे कशानेतरी पुसल्याचा धुरकट पट्टा. वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ माप, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असणं कायद्याने बंधनकारक आहे. माझ्या हातात होता तो कंपनीचा खरा डबा, पण दुसऱ्यांदा भरलेला. “आम्हाला लागतो” याचा अर्थ तेव्हा कळला.

डबा घेऊन गॅरेजवर गेलो. तो म्हणाला, “दादा, तुम्ही हाफ क्लचवर गाडी चालवता, ऑइलला काय दोष?” बिल आहे का, असं उलट मलाच विचारलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनीही पहिल्यांदा बिलच मागितलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे सगळं मला आता पाठ आहे. पण हातात कागदाचा चिटोराही नाही. साडेआठशेंचं बिल घेतलं असतं तर बत्तीसशे मागायला तोंड राहिलं असतं.

सिंथेटिक ऑइल वाईट असतं असं माझं म्हणणं अजिबात नाही. खऱ्या सिंथेटिकचे रेणू सारख्या आकाराचे असतात, ते उष्णतेत जास्त टिकतं आणि गार इंजिनात लवकर पोचतं. मोठ्या, तापणाऱ्या इंजिनाला त्याचा उपयोग होतोच. पण हा शब्दही वाटतो तेवढा पक्का नाही. खनिज तेलावरच कडक प्रक्रिया करून केलेल्या तेलाला सिंथेटिक म्हणायला अमेरिकेतल्या जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन मंडळाने १९९९ मध्ये हरकत घेतली नव्हती. तेव्हा डब्याच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं वाचा. १०डब्ल्यू-३० सारखा आकडा म्हणजे जाडी, तो साध्यातही असतो आणि सिंथेटिकमध्येही. तो आपल्या गाडीच्या पुस्तिकेशी जुळला पाहिजे, सोबत जासो एमए हवं. आणि ऑइल कुठलंही असो, बदलायचं अंतर पुस्तिकेतलं, गॅरेजवाल्याच्या तोंडचं नाही. माझी पुस्तिका आठ वर्षं कपाटात आरसीच्या झेरॉक्ससोबत पडून होती. त्यात १०डब्ल्यू-३०, एमए, एवढंच लिहिलंय. माझ्या गाडीला साडेआठशेचं ऑइल लागतच नव्हतं.

आता मी ऑइल स्वतः विकत आणतो, कंपनीच्या अधिकृत दुकानातून, बिल घेऊन आणि यूपीआयने पैसे देऊन. झाकण माझ्यासमोर उघडायला लावतो. ओतून झालं की रिकामा डबा तिथेच स्क्रूड्रायव्हरने दोन-तीन ठिकाणी भोसकतो. कोणी विचारलं तर कारण सांगतो. आपलेच रिकामे डबे भरून आपल्यालाच विकले जातात, ते थांबवणं तरी आपल्या हातात आहे.

घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मेव्हण्याची गाडीही त्याच गॅरेजला जायची. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर, एक दिवस गाडी बंद तर त्या दिवसाची कमाई बंद. त्याला फोन केला तर म्हणाला, “भाऊजी, गेल्या आठवड्यातच सिंथेटिक टाकलं. दहा हजार चालतं म्हणाला.” त्या रविवारी मी सीलबंद डबा घेऊन त्याच्या घरी गेलो. पार्किंगमध्ये पुठ्ठा अंथरून दोघांनी बोल्ट सोडला. आठवड्याचंच ऑइल, पण चहाच्या चोथ्यासारखं काळपट निघालं. मेव्हणा काही बोलला नाही. वर जाऊन गाडीची पुस्तिका घेऊन आला आणि पायरीवर बसून ऑइलचं पान शोधायला लागला.